कोंबडं झाकून भागत नाही

खुराड्यात चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणि चार कोंबडे झाले की घरातले बोलणे बदलते. पाच महिन्यांपूर्वी याच घरात आनंद होता. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी बसवली, दहा पिल्ले निघाली, घारीने आणि मुंगसाने दोनच नेली, आठ जगली. आता त्यांतली निम्मी तुरे फुगवून एकमेकांवर धावतात, तलंगांच्या पाठीवरची पिसे उपटतात, पहाटे चारपासून पाळीपाळीने बांग देतात. समोरच्या नव्या इमारतीतून निरोप येतो. दाण्याचे पोते लवकर संपते. पिल्ले हवी असतील तर एक कोंबडा घराला हवाच असतो. पण बाकीच्या तिघांचे काय करायचे?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या परिसरात हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त अवघड झाला आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या हद्दीतली २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. कागदावरची हद्द आतबाहेर होत राहिली, तसे निळजे, काटई, भोपर, घारीवली, संदप, उसरघर या गावांच्या अंगणासमोर वीस-वीस मजले चढले. अंगण तेच, खुराडे तेच, पण कोंबड्याचा आवाज आता दोनचारशे खिडक्यांना ऐकू जातो. दुसरीकडे डोंबिवली-ठाण्यातली कुटुंबे मुरबाड, शहापूर, बदलापूर, टिटवाळ्याकडे छोटी वाडी घेतात, आंबा-चिकूच्या झाडांखाली हौसेने दहावीस गावठी कोंबड्या सोडतात आणि सहा महिन्यांनी त्याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

हा प्रश्न देशभर वाढतो आहे. २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या वर गेली. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा ती सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त होती. कोंबड्या वाढल्या की कोंबडेही तेवढेच वाढतात. त्यांचा विचार मात्र फार थोडे लोक आधी करतात.

निम्मे नर का निघतात

माणसात मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत उलट असते. कोंबड्याकडे दोन सारखी गुणसूत्रे असतात, त्यांना झेड-झेड म्हणतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. अंड्याच्या बलकाबरोबर झेड आला तर नर, डब्ल्यू आला तर मादी. दोन्हींची शक्यता जवळपास सारखी, म्हणून शंभर अंड्यांतून साधारण पन्नास नर निघतात. एखाद्या खेपेला दहात सात माद्या निघतील, पुढच्या खेपेला तीन. पण चारसहा खेपांचा हिशेब केला की आकडा निम्म्यावरच येतो.

टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते असे आपल्याकडे बरेच जण सांगतात आणि त्याप्रमाणे अंडी निवडून बसवतात. त्याला आधार नाही. नर की मादी हे बलक अंडाशयातून सुटतानाच ठरलेले असते. अंड्याचा आकार त्यानंतर, कवच तयार होण्याआधी अंडनलिकेत घडतो. एकच कोंबडी आयुष्यभर साधारण एकाच घाटाची अंडी घालते आणि तिला पिल्ले मात्र दोन्ही होतात.

पिल्लू निघाल्याबरोबर ओळखावे, तर गावठी कोंबडीत तेही घरच्या माणसाला जमत नाही. जपानमधल्या पशुवैद्यांनी १९२० च्या दशकात एका दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार उघडून आतल्या बारीक उंचवट्यावरून नर-मादी ओळखण्याची रीत बसवली. ती शिकायला महिने लागतात आणि चुकीच्या हाताने पिल्लाला इजा होते. काही संकरित जातींत नर-मादी पिल्लांचा रंगच वेगळा असतो, त्यामुळे ती पहिल्या दिवशी वेगळी काढता येतात. गावठीत मात्र दीड-दोन महिने थांबावे लागते. नराचा तुरा आणि चोचीखालचे कल्ले लवकर लाल होतात, पाय जाड दिसतात. अडीच-तीन महिन्यांना खात्रीची खूण मिळते: मानेवरची आणि शेपटीच्या बुडाशी कमरेवरची पिसे नरात लांब, टोकदार आणि चकचकीत येतात, तलंगेची त्याच जागची पिसे गोल टोकांची राहतात. शेपटीवर विसंबू नका, मानेकडे पाहा.

ज्या जातींत पहिल्या दिवशीच ओळखता येते, तिथे नरांचे काय होते हेही जाणून घेतले पाहिजे. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी लवकर भरतही नाहीत. म्हणून जगभरच्या उबवणी केंद्रांत ते पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही पद्धत कायद्याने बंद केली. तिथे आता अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रे वापरली जातात. आपल्याकडे अशी बरीच नर पिल्ले स्वस्तात विकली जातात. जत्रेत, स्टेशनबाहेर, शाळेच्या रस्त्यावर टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली पिल्ले दिसतात, ती बहुतेक हीच. पोराच्या हट्टासाठी घेतलेले असे पिल्लू सहसा आठवडाभरात मरते. जे जगते, ते चारपाच महिन्यांनी चाळीच्या गॅलरीत आरवू लागते.

किती कोंबडे पुरतात

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या कुक्कुट विकास योजनेत मोठ्या वयाच्या पक्ष्यांचा जो गट मिळतो, तो तलंगा गट म्हणून ओळखला जातो. त्यात २५ माद्या आणि ३ नर असतात, म्हणजे आठ माद्यांमागे एक नर. शास्त्राचा आकडाही हाच आहे: आठ ते दहा माद्यांना एक नर पुरतो. त्याच योजनेच्या दुसऱ्या प्रकारात एक दिवसाची १०० पिल्ले मिळतात. नर-मादी निवडून न काढलेली शंभर पिल्ले घेतली, तर त्यांत पन्नासच्या आसपास नर असणार आणि त्यांतले पाचसहाच गरजेचे. उरलेले चव्वेचाळीस कुठे जाणार, याचे उत्तर पिल्ले घेतानाच हवे.

ज्याला फक्त खायला अंडी हवीत, त्याला एकही कोंबडा लागत नाही. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालत नाही हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. कोंबडी अंडे घालतेच. कोंबडा नसला तर ते फळत नाही, इतकाच फरक. एकदा नराचा संग झाला की कोंबडीच्या शरीरात त्याचे बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकते. त्यामुळे कोंबडा काढल्यानंतरही पंधरा-वीस दिवस फळलेली अंडी येत राहतात.

जास्तीचे कोंबडे नुसते बसून खात नाहीत. मोठा कोंबडा दिवसाला साधारण शंभर ग्रॅम दाणा खातो, म्हणजे महिन्याला तीन किलो आणि वर्षाला छत्तीस किलो. पण दाण्यापेक्षा मोठे नुकसान माद्यांचे होते. चार कोंबड्यांवर चार नर चढू लागले की त्यांच्या पाठीवरची आणि डोक्यामागची पिसे जातात, नख्यांनी कातडी फाटते, जखमेवर माशी बसते. कोंबडी खायला बाहेर यायला भिते, अंडी कमी होतात. नरानरांत मारामारी होते. पायाच्या मागचा काटा वर्षभरात टोकदार होतो आणि तो डोळ्यात गेला तर पक्षी आंधळा होतो. आधीपासून एकत्र वाढलेले भाऊही याला अपवाद नाहीत.

असे का होते, ते रानात पाहिले की कळते. आपल्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. सह्याद्रीत त्याचा भाऊबंद राखी रानकोंबडा अजून दाट झाडीत आरवताना ऐकू येतो. रानात एक सबळ नर थोड्या माद्यांसह आपला टापू राखतो. बाकीचे नर तिथे थांबत नाहीत. ते कडेला जातात, एकटे किंवा दोघे-तिघे मिळून फिरतात, त्यांतले बरेच शिकाऱ्यांच्या तोंडी पडतात. निसर्गातही निम्मे नरच जन्मतात, पण त्यांना जायला कड असते. खुराड्याला चार भिंती असतात, कड नसते. ती आपल्यालाच द्यावी लागते.

बांग झाकता येत नाही

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, अशी आपली म्हण आहे. या म्हणीला विज्ञानाने एक जोड दिली आहे. कोंबडे झाकले म्हणून त्याची बांगही राहत नाही.

जपानच्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवले. दिवस-रात्र कळण्याची काही खूण नसताना ते रोज ठरल्यासारख्या वेळी, सुमारे २३.७ तासांच्या अंतराने आरवत राहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवले की बांगेचे घड्याळ कोंबड्याच्या अंगातच आहे. उजेड येण्याच्या सुमारे दोन तास आधी ते वाजू लागते. उजेड आणि दुसऱ्याची बांग यांनी तो जास्त आरवतो, पण सुरुवात त्याच्या आतून होते.

दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एकत्र असलेल्या कोंबड्यांत सगळ्यांत वरच्या मानाचा कोंबडा पहिली बांग देतो, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्याला बाजूला काढले की दुसरा पुढे येऊन सुरुवात करतो. म्हणजे चार कोंबड्यांतला सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा काढून शेजारी शांत होतील असे समजू नये. त्याची जागा लगेच भरली जाते.

आवाजही लहान नसतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये कोंबड्याच्या स्वतःच्या कानाशी आवाज मोजला, तर तो १०० डेसिबलच्या पुष्कळ वर भरला. तो स्वतः बहिरा होत नाही, कारण बांग देताना चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट आपोआप बंद होते. शेजाऱ्याच्या कानाला ती सोय नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ९० डेसिबल असेल, तर दहा मीटरवर ७० आणि शंभर मीटरवर ५०. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेचे मानक ४५ डेसिबल आहे. समोरासमोरच्या इमारतींच्या भिंतींवर आपटून आवाज घुमतो तो वेगळाच.

म्हणून तक्रारी होतात. २०१९ मध्ये पुण्यात एका बाईंनी पहाटेच्या बांगेने झोप मोडते म्हणून पोलिसांत अर्ज दिला. २०२५ मध्ये केरळातल्या अडूर इथे अशाच तक्रारीवर महसूल अधिकाऱ्यांनी जागा पाहिली आणि घराच्या वरच्या मजल्यावरचे खुराडे हलवायला सांगितले. फ्रान्समध्ये २०१९ मध्ये ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याचा खटला जगभर गाजला. तिथे न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ मध्ये गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच झाला. या घटनांकडे पाहिले की न्याय एका बाजूला नाही हे जाणवते. गावात पिढ्यान्‌पिढ्या कोंबडी पाळणाऱ्याचा हक्क खरा आहे. उशिरापर्यंत काम करून शेवटच्या लोकलने आलेल्या माणसाची झोपही खरी आहे. एका कोंबड्याची बांग शेजार सहसा सहन करतो, चौघांची करत नाही. पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी हा तिघांचा फरक घरातच मिटवता येतो.

जुन्या घरांचा हिशेब

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडत नव्हता, कारण कोंबड्याची वाट कालनिर्णयावर आखलेली होती. दिवाळीनंतर थंडी पडली की कोंबडी बसवायची. एकवीस दिवसांनी पिल्ले. पावसाळ्यातल्या ओलीचा आणि रोगाचा त्रास नसल्याने ती जगायची. माद्या अंड्यांसाठी ठेवायच्या. नरांतला एक देखणा, अंगाने भरलेला पुढच्या पिढीसाठी राखायचा. बाकीच्यांचे दिवस ठरलेले असत. शिमग्याला एखादा लहानसा, चैत्रात आगरी-कोळ्यांच्या घरात एकविरेच्या पालखीच्या दिवसांत एखादा, गावदेवीला नवसाचा एखादा, लेक-जावई आले तर एखादा. उरलेले सगळे आखाडात. आषाढाच्या शेवटी येणाऱ्या अमावास्येला खुराड्यात जास्तीचा कोंबडा शिल्लक राहत नसे. मग श्रावण लागला की घरात मांसाहार बंद आणि पिंजऱ्यात फक्त कोंबड्या आणि त्यांचा एक कोंबडा.

हा हिशेब मोजून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात निघालेला गावठी नर आषाढात सात-आठ महिन्यांचा असतो, दीड किलोच्या आसपास भरलेला. यापुढे तो दाणा खातो तेवढ्या प्रमाणात वजन वाढत नाही, मांस चिवट होऊ लागते आणि मारामारी वाढते. आखाडाचा सण आणि कोंबड्याच्या वाढीचा शेवट नेमका एकाच महिन्यात यावा, यामागे कित्येक पिढ्यांचे निरीक्षण असणार असे मला वाटते.

दुसरी वाट होती ती गावागावांतल्या देवाणघेवाणीची. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर ती अजून टिकून आहे. एका घरची कोंबडी दुसऱ्याने वाट्याने पाळायची आणि पिल्ले निम्मी-निम्मी वाटायची. देखणा नर मामाच्या गावाला द्यायचा आणि तिथला आपल्याकडे आणायचा. यात रक्त बदलते. एकाच कोंबड्याचे आपल्याच लेकींशी दोनतीन पिढ्या बीज चालले की अंडी कमी फळतात, पिल्ले अशक्त निघतात. आपल्या घरात जो नको आहे, तोच चार गावे पलीकडे हवा असतो.

शहराने या वाटा बुजवल्या. घरे लहान झाली, आखाडात कोंबडा घरात कापायचा तर जागा नाही, कापणारा हातही नाही. पोरे कोंबड्यांना नावे देतात आणि मग ते कुणाला ताटात बघवत नाहीत. ही माया खोटी नाही. पण तिच्यापोटी निर्णय लांबतो आणि त्याची किंमत त्या खुराड्यातल्या माद्याच मोजतात.

मग करायचे काय

पहिला उपाय अंडी बसवण्याआधीचा. पिल्ले नको असतील तर कोंबडा ठेवू नका, किंवा अंडी रोज उचला. उन्हाळ्यात कल्याण-डोंबिवलीत घरातले तापमान इतके असते की फळलेले अंडे कोंबडीखाली नसतानाही आत वाढीला लागू शकते. म्हणून रोजचे अंडे रोज फ्रिजमध्ये ठेवावे. पिल्ले हवी असतील तर माद्यांच्या गरजेच्या दुप्पट अंडी लागतील हे धरून चला आणि निम्म्या नरांचे काय करायचे ते त्याच दिवशी घरात बोलून ठरवा. ज्याला नरांची जबाबदारी घेणे शक्य नाही, त्याने तीन महिन्यांच्या ओळखलेल्या तलंगाच विकत घ्याव्यात. पिल्लापेक्षा त्या महाग पडतात, पण ही किंमत प्रामाणिक आहे.

दुसरा उपाय तिसऱ्या महिन्यातला. मानेची पिसे टोकदार झाली की नर वेगळे काढा. आंधळेपणाने सगळे काढू नका. पैदाशीचा नर याच वेळी निवडा. जो माणसावर धावत नाही, दाणा दिसला की स्वतः न खाता कोंबड्यांना हाक मारतो, घार दिसली की आवाज देतो, तो चांगला नर. वरून घार आली तर वेगळा आणि जमिनीवरून मुंगूस किंवा मांजर आले तर वेगळा इशारा कोंबडा देतो, आणि कोंबड्या तो ओळखून पहिल्याला दबून बसतात, दुसऱ्याला मान उंच करून पाहतात. चांगल्या कोंबड्याचे मोल इथे कळते.

तिसरा उपाय विक्रीचा. गावठी कोंबड्याला शहरात मागणी असते आणि आखाडात ती वर्षात सर्वांत जास्त असते. त्यामुळे आषाढ लागण्याआधी गिऱ्हाईक ठरवून ठेवावे. मुरबाड आणि शहापूरचे आठवडी बाजार, गावातले ओळखीचे खाणावळवाले, शेजारची सोसायटी, सगळीकडे विचारता येते. नेताना मात्र पाय बांधून मोटारसायकलच्या हँडलला उलटे लटकवू नका. पक्ष्याला पोट आणि छाती यांमध्ये आपल्यासारखा पडदा नसतो. उलटे धरले की आतड्याचे वजन श्वासाच्या पिशव्यांवर येते आणि तो गुदमरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास मनाई करणारा १९६० चा कायदा विनाकारण वेदना होतील अशा रीतीने जनावर वाहून नेणे हा गुन्हा मानतो. डालगे किंवा भोकांचा खोका पुरतो.

चौथा उपाय खाण्याचा, आणि तो तितकाच सरळ आहे. जे कुटुंब कोंबडी खाते, त्याने आपल्या वाडीतला, मोकळ्यावर वाढलेला कोंबडा खाणे यात लाजण्यासारखे काही नाही. त्याला शेवटपर्यंत भीती आणि वेदना कमीत कमी व्हावी एवढे आपले कर्तव्य. आदल्या रात्री दाणा थांबवावा, पाणी ठेवावे. अंधारात, पक्षी शांत असताना हळू उचलावा. पाठलाग करून दमवू नये. दुसऱ्या पक्ष्यांसमोर आणि लहान मुलांसमोर कापू नये. हात सराईत आणि सुरी धारदार असावी. शहराच्या हद्दीत हे काम परवानाधारक दुकानदाराकडूनच करून घ्यावे.

ज्यांना मारायचे नाही आणि विकायचेही नाही, त्यांच्यासाठी पाचवा उपाय म्हणजे नरांचा वेगळा वाडा. कोंबड्या नजरेला पडत नाहीत अशा जागी फक्त नर ठेवले, तर भांडण पुष्कळ कमी होते. जागा मात्र ऐसपैस हवी, लपायला आडोसे हवेत, दाण्याची आणि पाण्याची दोनतीन भांडी लांब-लांब हवीत. आणि हे पाच-सात वर्षांचे काम आहे, कारण कोंबडा तेवढा सहज जगतो. बांगेचा त्रास कमी करायचा तर रात्री त्यांना अंधाऱ्या, जाड भिंतीच्या खोलीत कोंडून सकाळी सहानंतर सोडता येते. आतून वाजणारे घड्याळ थांबत नाही, पण आवाज बाहेर कमी जातो. मे महिन्यातल्या उकाड्यात अशा बंद जागेत पक्षी तडफडून मरू शकतो, म्हणून हवा खेळती हवीच.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. गळ्याभोवती पट्टा आवळून बांग दाबू नये. पट्टा थोडा घट्ट झाला की श्वास अडतो. कोंबड्याचे वृषण पोटात, मूत्रपिंडाशेजारी असतात. त्याला खच्ची करणे म्हणजे पोट फाडणे, ते घरी करू नये. झुंजीसाठी कुणाला विकू नये, कोंबड्यांच्या झुंजी कायद्याने गुन्हा आहेत. आणि येऊरच्या रानात, बारवीच्या धरणाकडे किंवा देवळामागे सोडून देऊ नये. लोक याला मोकळे करणे म्हणतात. खुराड्यातला कोंबडा रानात एखाददुसरी रात्र जेमतेम काढतो. तोवर तो बिबट्याला वस्तीच्या कडेला यायला आणखी एक कारण देतो, आणि आपला आजार रानपाखरांपर्यंत नेतो. रानाची कड रानकोंबड्यासाठी असते.

आजाराचे भान

कोंबडे एका घरातून दुसऱ्या घरात जातात तेव्हा रोगही जातो. गावाकडे ज्याला मानमोडी म्हणतात, तो रानीखेत रोग. कुमाऊँमधल्या रानीखेत गावावरून आपल्याकडे त्याला हे नाव पडले. मान वाकडी होते, हिरवट पातळ हगवण लागते आणि अख्खे खुराडे चार दिवसांत रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे, आणि ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पिल्लांना पहिल्या आठवड्यापासून द्यायची असते. दिलेला, घेतलेला, बदललेला प्रत्येक कोंबडा दोन ते तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय आपल्या कोंबड्यांत मिसळू नये. बाजारात न विकला गेलेला कोंबडा परत आणला, तर त्यालाही हाच नियम.

ठाणे जिल्ह्याने याची किंमत पाहिली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली इथे शंभराच्या आसपास पक्षी मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या परिसरातले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करायचा निर्णय घ्यावा लागला. त्याआधी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आढळला होता. एकाएकी पाच-दहा पक्षी मेले तर मेलेला पक्षी खाऊ नये, विकू नये, नदीत टाकू नये, दवाखान्याला कळवावे. अशा वेळी घाबरून उरलेले कोंबडे पटापट विकून टाकणारा माणूस आपले नुकसान वाचवत नाही, ते दहा गावांत वाटतो.

खूण करताना

गावात अंडी बसवताना अजून एक रीत पाळली जाते. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करतात, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मागाहून त्यात घातलेले अंडे ओळखून बाजूला काढता येते. बारा अंडी, बारा काळ्या रेघा, मग टोपलीत भाताच्या पेंढ्यावर कोंबडी बसवायची.

त्या बारा रेघांतल्या साधारण सहा नरांच्या आहेत. त्या कोणत्या हे कुणाला सांगता येत नाही, पण सहाच्या आसपास आहेत हे धरून चालावे. कोळसा हातात असतानाच त्या सहांची वाट ठरवावी: हा राखायचा, हा मामाकडे, हे दोन बाजारात, हे दोन आखाडात. तसे ठरत नसेल तर सहाच अंडी बसवावीत आणि बाकीची घरात खावीत. अंडी बसवतानाच निर्णय घेतला तर त्यात कुणाला वेदना नाही. सहा महिन्यांनी, रक्ताळलेल्या पाठीच्या कोंबड्या आणि शेजाऱ्याची तक्रार दारात उभी असताना घेतला, तर तो सगळ्यांनाच दुखावतो.